चोथ्याचा भाव कोरड्या वजनावर काढावा
एन्झाइम (अन्नघटक तोडून पचनास मदत करणारे पदार्थ) मिसळले की बिअर कारखान्यातील जवाचा चोथा कोंबड्यांना हवा तेवढा देता येतो, असे या चर्चेत आधी एकाने म्हटले आहे, ते मला अर्धेच पटते. बीटा-ग्लुकॅनेज आणि झायलॅनेज ही एन्झाइमे जवातील तंतुमय घटक तोडतात, आतड्यातील चिकटपणा घटवतात आणि त्यामुळे लिटर (कोंबड्यांखाली अंथरलेला भुसा) कोरडे राहण्यास मदत होते, हे खरे आहे. परंतु या चोथ्याच्या प्रथिनात लायसिन (वाढीसाठी लागणारे अमिनो आम्ल) सोयापेंडीपेक्षा बरेच कमी असते आणि ती उणीव कोणतेही एन्झाइम भरून काढत नाही. कोरड्या चोथ्यात २० ते २५ टक्के प्रथिने दिसतात म्हणून तेवढी सोयापेंड काढून टाकली आणि लायसिन वेगळे घातले नाही, तर ब्रॉयलरचे (मांसासाठीच्या कोंबड्यांचे) वजन मागे पडते. लेअरला (अंड्यांसाठीच्या कोंबड्यांना) हा चोथा थोड्या प्रमाणात चालतो. लहान पिल्लांना मात्र देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावाचा मुद्दा इथे कोणी मांडलेला नाही. ओल्या चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते, म्हणजे १०० किलो माल उचलला तरी हाती येणारे कोरडे खाद्य जेमतेम २० ते २५ किलो, आणि वाहतूक मात्र सगळ्या १०० किलोंची. आमच्या इंदूर भागात सोयापेंड जवळच मिळत असल्याने चोथ्याच्या कोरड्या वजनावरील भावाची सोयापेंडीच्या भावाशी तुलना आधी करावी. शिवाय पावसाळ्यात चोथा उन्हात वाळत नाही, दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषावर ही एन्झाइमे काहीच करीत नाहीत.