महंमद अली : साडेतीन वर्षांच्या बंदीने त्याचा खेळ बदलला का?

प्रश्न (कोथरूड)
भाचा गेल्या वर्षापासून बॉक्सिंग शिकतो आहे. त्याच्या नादाने मीही अलीच्या जुन्या लढती पाहू लागलो. १४ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्याच फेरीत निष्प्रभ करणारा अली आणि १९७४ मध्ये किन्शासात दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेणारा अली एकच, हे डोळ्यांना पटत नाही. हा बंदीचा परिणाम म्हणावा की वयाचा?

उत्तर (घोरपडी)
वयाचा कमी, बंदीचा अधिक. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारल्यावर अली पुढे आला नाही. व्हिएतनाम युद्धासाठीच्या सैन्यभरतीला त्याचा नकार होता. त्यापायी हेवीवेट जगज्जेतेपदाचा किताब गेला, लढण्याचे परवाने गेले, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलरचा दंड झाला. अपिलामुळे तुरुंग टळला, तरी पंचविशी ते अठ्ठाविशी ही उमेदीची वर्षे रिंगणाबाहेर गेली. बंदीपूर्वी तो हात खाली सोडून, नुसती मान मागे घेऊन ठोसा चुकवत असे. मी मुले शिकवली आहेत. असे करणाऱ्या मुलाला मी रागावतोच, कारण तितके चपळ पाय लाखात एखाद्याचे असतात. ऑक्टोबर १९७० मध्ये अली परतला तेव्हा ते पाय मंदावले होते. मग त्याला आपल्या अंगातली दुसरी ताकद कळली, ती म्हणजे मार पचवण्याची. किन्शासात फोरमन थकला आणि आठव्या फेरीत पडला, ही त्याच ताकदीची किमया. परंतु पुढचे सारे नुकसानही तिनेच केले.

उत्तर (सदाशिव पेठ)
विश्लेषण मान्य, पण हळहळ नको. नकार त्याने किंमत ठाऊक असताना दिला, आणि २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मला खटकते ते वेगळेच. बंदीच्या काळात ज्या प्रतिस्पर्धी मुष्टियोद्ध्याने, जो फ्रेझरने, त्याच्या पुनरागमनाची बाजू घेतली, त्यालाच अलीने पुढे जाहीरपणे गोरिला म्हणून हिणवले. अलीचे गोडवे गाताना हे आपण सोयीस्करपणे गाळतो.

प्रश्नकर्ता
घोरपडीकर सर, मग त्याला कोणी थांबवले नाही का?

उत्तर (घोरपडी)
थांबवू पाहणारे होते. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी पंधरा फेऱ्या खेळून तो जिंकला, पण त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी निवृत्तीचा सल्ला दिला आणि तो मानला न गेल्याने ते निघून गेले. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सकडून हरून, त्यालाच हरवून अलीने तिसऱ्यांदा किताब मिळवला. तिथे थांबायला हवे होते. त्याऐवजी ऑक्टोबर १९८० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि दहाव्या फेरीनंतर त्याच्या प्रशिक्षकाने, अँजेलो डंडी यांनी, लढत सोडून दिली. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. ठोशांमुळेच तो आजार जडला का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. तरीही आपल्या भाच्याला १९६६ ची लढत पाहू द्यावी, मात्र सरावात गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोरचे हात, वरच ठेवायला सांगावे.