मदत हवी आहे: क्वांटम गुरुत्वाच्या प्रयोगात अंतर २०० की ४५०?

किनारा_७
गुरुत्वही अणूंसारखं क्वांटम नियमांनी चालतं का, यावर शनिवारी बोलायचंय आणि एका आकृतीवर अडकलोय. दोन गोळ्यांमधलं अंतर एकीकडे २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दुसरीकडे ४५०. नक्की कुठलं? लवकर सांगा, मालवणात सकाळपासून वीज येतेय-जातेय.

दर्यावर्दी
अरे पण खयचो प्रयोग, तां तरी सांग. आणि समोर कोण, शाळेची पोरं?

किनारा_७
प्रयोग सौगत बोसांचाच हो, दुसरा कुठला! समोर टीवायबीएस्सीची मुलं.

हापूस_हट्टी
ते गोळे सोडा. अभय अष्टेकर घ्या, आपला मराठी माणूस. १९८६ ला आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली, त्यातून लूप उभं राहिलं, म्हणजे अवकाशच बारीक दाण्यांचं मानणारा क्वांटम गुरुत्वाचा सिद्धांत. अर्धा तास आरामात जातो.

तंतुवादी
आणि पुरावा? २००९ ला दिसलेल्या गॅमा किरणांच्या स्फोटातला ३१ जीईव्हीचा, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा, फोटॉन (प्रकाशकण) ७०० कोटी वर्षं धावून बाकीच्या प्रकाशामागोमाग सेकंदाच्या आत पोचला. अवकाश दाणेदार असतं तर मागे पडला असता.

हापूस_हट्टी
मागे पडलाच पाहिजे असं लूपवाले ठामपणे कधी म्हणाले? तुमच्या स्ट्रिंग सिद्धांताचं (कण म्हणजे बारीक तंतू म्हणणाऱ्या) काय तपासून झालंय ते सांगा आधी.

रत्नांग्री_इलेक्ट्रिक
इन्व्हर्टर आहे ना? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं साचलं असेल, आम्लाच्या वाफेने होतं. सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, वर व्हॅसलीन.

वेंगुर्ला_फिजिक्स
दोन्ही आकडे बरोबर आहेत. सौगत बोस आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा प्रस्ताव. दोन गोळ्यांच्या केंद्रांत ४५० मायक्रॉन. प्रत्येक गोळा एकाच वेळी २५० मायक्रॉन अंतरावरच्या दोन जागी (क्वांटम नियमांत हे चालतं). म्हणून समोरासमोरच्या, आतल्या दोन जागांत उरतात २००. गुरुत्वामुळे गोळे एन्टँगल होतात का, म्हणजे त्यांच्या अवस्था एकमेकींत गुंततात का, हे बघायचंय. त्याहून जवळ आणलं तर कॅसिमिर बल (अगदी जवळच्या वस्तूंना खेचणारं क्वांटम बल) गुरुत्वाला झाकोळायला लागतं, मग एन्टँगलमेंट कोणामुळे झाली हे कळणार कसं? गोळा साधारण १० पिकोग्रॅमचा, आणि अवस्था दोनेक सेकंद टिकवायची. व्हिएन्नात २०१९ ला व्यतिकरण (लाटांसारखं एकाच वेळी दोन वाटांनी जाणं) दाखवलं ते २५ हजारांवर रेणुभाराच्या रेणूंचं. हा गोळा त्याच्या वीसेक कोटी पट जड. त्यामुळे 'प्रयोग' म्हणू नका, प्रस्ताव म्हणा.

किनारा_७
सुटलो! पण एन्टँगलमेंट दिसली म्हणजे गुरुत्व क्वांटमच, असं सांगू ना?

वेंगुर्ला_फिजिक्स
जपून. निव्वळ अभिजात (क्वांटम नसलेल्या) दुव्यातून दोन गोळे एन्टँगल होत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद. 'अभिजात' कशाला म्हणायचं यावरच भांडणं आहेत.

हापूस_हट्टी
म्हणून म्हणत होतो, अष्टेकर घ्या.