पाहुण्यांच्या गर्दीत गिटार हरवली का? (निक ड्रेकचा 'ब्रायटर लेटर')

सांजपक्षी: आठवडाभर हाच अल्बम ऐकतोय, १९७१चा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निक ड्रेक, इंग्लंडचा गायक-गिटारवादक, जन्म रंगूनचा. तीन अल्बम करून १९७४ साली, सव्विसाव्या वर्षी गेला. माझं म्हणणं सरळ आहे, हा अल्बम पाहुण्यांनी खाल्ला. बास-ड्रम्सवर फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचे डेव्ह पेग आणि डेव्ह मॅटॅक्स, एका गाण्यात गिटारवादक रिचर्ड थॉम्प्सन, वर ब्रास (पितळी फुंकवाद्यं), सॅक्सोफोन, बासरी. 'हेझी जेन २' लावा आणि निकची गिटार शोधून दाखवा! ज्याचा अंगठा एकटा बासचं काम करतो, त्याला बासवादक हवा कशाला? पुढच्याच वर्षीच्या 'पिंक मून'मध्ये तो एकटा बसला. शीर्षकगीतात पियानोचे चार सूर, बाकी फक्त गिटार. जेमतेम अठ्ठावीस मिनिटं. वेगळा पुरावा हवा का?

खर्जातला: साफ असहमत. पाहुणे कोण, तर वाद्यमेळ लिहिणारा रॉबर्ट कर्बी हा त्याचा केंब्रिजचा मित्र. पहिल्या अल्बमच्या वेळी निर्माता जो बॉइडने दुसराच संयोजक आणला होता, तो निकला पटला नाही. तोंडातून शब्द न फुटणाऱ्या या पोराने तेव्हा कर्बीचं नाव स्वतः पुढे केलं. व्हायोलिनं त्याच्या गळ्यात कुणी बांधली नव्हती. या अल्बममध्ये तर तीन तुकड्यांना शब्दच नाहीत, नुसती वाद्यं!

सांजपक्षी: तेच तीन तुकडे मी न ऐकता पुढे जातो :)

चिकारी: मी स्वतः थोडीफार वाजवते, म्हणून लिहिते. निक गाण्यागणिक तारा वेगळ्या लावायचा. मंचावर दोन गाण्यांच्या मध्ये तो तारा पिळत बसायचा आणि लोक गप्पा मारायचे. स्टुडिओत ती अडचण नाही, म्हणून तो तिथे मोकळा होता. 'वन ऑफ दीज थिंग्ज फर्स्ट' ऐका. पियानो सतत बोलतोय, तरी बोटांची चाल लपत नाही. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागून जातो तशी ही संगत आहे.

खर्जातला: +१. आणि 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' बँडवाल्या जॉन केलचं काय करणार, सांजपक्षी? बॉइडकडे निकचं काम ऐकून तो आपण होऊन भेटायला गेला. 'फ्लाय'मध्ये त्याचा व्हायोला आणि हार्पसिकॉर्ड, 'नॉर्दर्न स्काय'मध्ये सेलेस्टा (घंटीसारखा वाजणारा छोटा पियानो). ते काढून ते गाणं डोक्यात वाजवून बघा.

सांजपक्षी: केल मान्य. ती दोन गाणी सोडली. पण 'पुअर बॉय'? ख्रिस मॅकग्रेगरचा पियानो झकास, मात्र मागून दोन बायका "बिच्चारा पोरगा" करत गातात तेव्हा मला हेडफोन काढावासा वाटतो.

चिकारी: अहो, ती थट्टा आहे! स्वतःची कीव करणाऱ्यावर तो स्वतःच हसतोय. एकट्या गिटारवर हेच गाणं रडगाणं झालं असतं.

खर्जातला: आणि 'पिंक मून'चा पुरावा मला चालत नाही. 'ब्रायटर लेटर' फारसा खपला नाही, बॉइड अमेरिकेला निघून गेला, निक खचलेला. दोन रात्रींत ध्वनिमुद्रक जॉन वुडसमोर बसून वाजवून गेला. त्यावरून आधीची संगत चूक होती असं कसं ठरतं?

सांजपक्षी: पण पुढचा अल्बम एकट्याने करणार, हे त्याने बॉइडला आधीच सांगितलं होतं ना? आज रात्री 'हेझी जेन १' पुन्हा ऐकतो. त्यात गिटार दिसते, हे कबूल. २चं मात्र माझं मत कायम.