टाचेचं हाड वाढलंय, ऑपरेशन सांगितलंय. ऑपरेशनशिवाय कोणाची टाच बरी झालीय का?

अन्नपूर्णा_नाशिक
नमस्कार मंडळी. माझं पोळीभाजी केंद्र आहे, पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्याशी उभं राहून काम, खाली कोटा फरशी आणि पाय अनवाणी, कारण स्वयंपाकात चप्पल घालायची आमच्याकडे पद्धत नाही. दिवाळीच्या आधीपासून उजवी टाच धरलीय. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा घुसल्यासारखं होतं, भिंत धरत धरत बाथरूमपर्यंत जाते, मग थोडं चाललं की मोकळं होतं, आणि दुपारी जेवायला बसून उठले की परत तेच. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसतंय म्हणाले. स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, महिनाभर खूप छान वाटलं, नंतर जैसे थे. आता ऑपरेशन करून टाका म्हणतात. ते केलं तर केंद्र बंद ठेवावं लागणार, माझ्याकडे दोघी जणी कामाला आहेत त्यांच्या पगाराचं काय, हा विचार करून झोप लागत नाही. वय ४७, वजन थोडं जास्त आहे. खरंच दुसरा इलाज नाही का?

फिजिओ_सांगली
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय हातात घेऊन बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते प्लांटर फॅसिआयटिसचं अगदी ठरलेलं चित्र आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो, तो पायाची कमान धरून ठेवतो. तासन् तास कडक फरशीवर उभं राहणं, आखडलेल्या पोटऱ्या, वाढलेलं वजन, हे सगळं त्या पट्ट्याच्या टाचेकडच्या टोकावर येतं. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो, आणि सकाळी एकदम अंगाचं सगळं वजन त्यावर पडतं, म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात वाईट.

आता त्या हाडाबद्दल. आपल्याकडे टाच दुखली की "हाड वाढलंय" हेच ऐकायला मिळतं आणि माणूस घाबरतो. पण टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये ते टोक दिसतं, आणि ज्यांची दुखायची थांबते त्यांचंही ते टोक जागच्या जागीच राहतं. त्यामुळे फक्त एक्स-रे बघून ऑपरेशन ठरवायचं हे मला पटत नाही. दहातले आठ-नऊ पेशंट ऑपरेशनशिवाय बरे होतात, फक्त वेळ लागतो, काहींना वर्षसुद्धा. शिवाय ऑपरेशनमध्ये तो पट्टा थोडा कापतात, त्याने काहींची कमान बसते आणि पायाच्या बाहेरच्या बाजूला नवीन दुखणं सुरू होतं. म्हणून ते सगळ्यात शेवटी.

काय करायचं ते सांगते. सकाळी पाय खाली टेकवायच्या आधी, पलंगावरच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं धरून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने तळपाय चाचपून बघा, पट्टा ताठ लागला पाहिजे. १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा, आणि दुपारी बसून उठायच्या आधी एकदा हमखास. दुसरं म्हणजे ताकदीचा व्यायाम, लोक हाच सोडून देतात. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, कठडा धरायचा, ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदांत सावकाश खाली. एका पायावर जमत नसेल तर दोन्हीवर सुरू करा. बारा-बाराचे तीन सेट, दिवसाआड, रोज नाही. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवायचं. डेन्मार्कमध्ये २०१४ साली ४८ पेशंटवर हा व्यायाम करून बघितला होता, तीन महिन्यांनंतर नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा हे लोक बरेच पुढे होते. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच होते, म्हणजे याने लवकर आराम पडतो असं समजा.

शुगर तपासलीय का? आणि पायाला मुंग्या, बधिरपणा आहे का? ते कळवा.

रात्रपाळी
मी नर्स आहे, वॉर्डात बारा-बारा तास उभी असते, माझी डावी टाच अशीच होती. फिजिओ मॅडमनी सांगितलेला पायरीचा व्यायाम मी बिल्डिंगच्या खालच्या पायरीवर करायचे, ड्युटीला निघायच्या आधी. सुरुवातीला टाच वर नेताना पोटरी थरथरायची आणि टॉवेल सटकायचा, मग मी गुंडाळीला दोन रबरबँड लावले. पहिले काही आठवडे काहीच फरक वाटत नाही हो, तिथेच बायका सोडून देतात, तुम्ही सोडू नका. मला आधी काय जाणवलं तर दुखणं तेवढंच पण सकाळी मोकळं व्हायला वेळ कमी लागायला लागला. आणि ताई, स्वयंपाकघरासाठी वेगळी एमसीआर (मऊ रबराची) चप्पल घ्या, फक्त आतच वापरायची, बाहेर न्यायची नाही, रोज धुवायची. सासूबाई आधी बोलल्या, नंतर त्यांनीच एक जोड मागवून घेतला.

आबा_कराड
बाळ, आमच्याकडे यावर जुना उपाय आहे. वीट तापवायची, त्यावर रुईचं पान ठेवायचं आणि पानावर टाच टेकवून शेक घ्यायचा, सोसवेल एवढाच. रानात काम करणाऱ्या किती तरी माणसांना मी आराम पडलेला बघितलाय. पान तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. वैद्याकडे गेलात तर ते याला वातकंटक म्हणतील आणि अग्निकर्म (तापवलेल्या सळईने दुखऱ्या जागी डाग देणं) सुचवतील, तेही चांगल्या वैद्याकडूनच करा.

रात्रपाळी
आबा, शेकाने बरं वाटतं हे खरं आहे, पण शुगरवाल्यांनी वीट नको. पायाला संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळतच नाही, टाचेवर फोड येऊन पुढे जखम चिघळलेले पेशंट आमच्याकडे येतात, महिनोन् महिने ड्रेसिंग चालतं. ज्यांना शुगर आहे त्यांनी गरम पाण्याच्या बादलीत पाय घालायच्या आधीसुद्धा हाताच्या कोपराने पाणी बघावं, किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला सांगावं.

सचिन_पिंपरी
एक वेगळा मुद्दा, ताईंसाठी नाही पण इतर कोणी वाचत असेल तर. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही टाचा दुखायच्या, वय पंचविशीत, सगळे म्हणायचे बूट बदल, पण त्याची कंबरही सकाळी तासभर आखडलेली असायची आणि चाललं फिरलं की बरं वाटायचं. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात, निघाला. त्याला औषधंच लागतात, नुसत्या व्यायामाने भागत नाही. तरुण मुलगा, दोन्ही टाचा आणि सोबत कंबर, असं असेल तर थांबू नका.

फिजिओ_सांगली
सचिन, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात अजून भर घालते, रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, सूज किंवा ताप असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल (हाडाला बारीक तडा असू शकतो), तर घरगुती काही न करता आधी दाखवायचं.

अन्नपूर्णा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार, किती दिवसांनी जरा धीर आला. शुगर तपासली होती, बॉर्डरवर आहे म्हणाले, मुंग्या वगैरे काही नाही. दोन विचारायचंय. व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का? आणि अजून एक इंजेक्शन घेऊन सोबत व्यायाम केला तर चालेल का, कारण लग्नसराईच्या ऑर्डरी आहेत आणि उभं राहणं चुकणार नाही.

फिजिओ_सांगली
थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल बघायचं, ते नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर पुढच्या वेळी वजन किंवा सेट कमी करा, बंद करू नका.

इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या, पण माझं मत विचाराल तर लगेच दुसरं नको. त्याचा आराम थोड्या दिवसांचाच असतो आणि परत परत घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, पट्टा फाटूही शकतो, आणि तुमची शुगर बॉर्डरवर आहे, काही दिवस ती वर जाईल. ऑर्डरीच्या दिवसांसाठी फिजिओकडून तळपायाला टेपिंग करून घ्या, चपलेत सिलिकॉनचं हील पॅड घाला, ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाका, आणि पोळ्या लाटायचं काम तरी उंच स्टुलावर बसून करता येतंय का बघा, त्या दोघींशी बोलून कामं फिरवून घ्या. ऑर्डर देऊन बनवलेल्या महागड्या इनसोलच्या मागे लागू नका, तयार मिळतात त्यांच्यापेक्षा त्यांचा फार जास्त फायदा दिसलेला नाही.

तीन महिने हे नीट करून फरक नाही पडला तर पुढची पायरी शॉकवेव्ह (मशीनने टाचेवर ध्वनिलहरींचे ठोके देतात), साधारण आठवड्याला एक अशा तीन ते पाच सिटिंग असतात. तोवर ऑपरेशनची तारीख घेऊ नका, आणि घ्यायचीच वेळ आली तर आधी दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना पाय दाखवा, नुसता एक्स-रे नाही.