डाव्या पायात कळ उतरते, मशीनवर बसवत नाही

शिवणकामवाली, कराड
नमस्कार. वय ४३. घरी ब्लाउज शिवते, पायमशीनवर रोज सात-आठ तास. तीन आठवड्यांपूर्वी भरलेली कळशी उचलताना कंबरेत चमक भरली. दोन दिवसांनी डाव्या कुल्ल्यातून कळ निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत यायला लागली. शिंकले तरी झटका बसतो. डॉक्टरांनी तपासून सायटिका सांगितलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, एमआरआय आत्ताच नको म्हणाले. गोळ्या संपल्या, कळ आहेच. जाऊबाई म्हणतात, गावात एक जण पाय ओढून शीर मोकळी करतो, त्याच्याकडे जा. सासूबाई म्हणतात, नुसती पडून राहा. लग्नसराईची कामं घेऊन बसलेय. घरी काय करू?

निवृत्त एसटी ड्रायव्हर
ताई, पाय ओढून घ्यायला जाऊ नका, हात जोडून सांगतो. मी गेलो होतो. आधी पोटरीपर्यंत असलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी अंगठ्यापर्यंत गेलं.

पडूनही राहू नका. मी आठ दिवस पडून राहिलो आणि अंग लाकूड झालं. मग फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घरातल्या घरात दहा-दहा मिनिटं चालायला लावलं, दिवसातून पाच-सहा वेळा. फार कळ आली की पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायचो, गुडघे काटकोनात. पंधरा मिनिटांत जीव थाऱ्यावर यायचा. रात्री कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी.

पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायचा व्यायामही त्यांनी दिला. त्यातली खूण लक्षात ठेवा: कळ पोटरीतून वर कंबरेकडे सरकली तर व्यायाम मानवतोय, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे उतरली तर लगेच थांबायचं. मला मानवला, सगळ्यांना मानवतोच असं नाही.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकू नका. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की ताण जास्त येतो. आंघोळीची बादली स्टुलावर ठेवा, केर लांब दांड्याच्या झाडूने उभ्याने काढा. कळशी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उचलू दे. गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकली तर बरं वाटतं, पण पिशवीवर टॉवेल गुंडाळा.

मला चालताना हायसं वाटायला पाच आठवडे लागले, स्टिअरिंगवर बसायला अडीच महिने. धीर सोडू नका.

फिजिओथेरपीची विद्यार्थिनी
काकांचं बरोबर आहे. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनविना आराम पडतो. पण लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जा, रात्र असली तरी. पाऊल उचलेनासं झालं, चप्पल निसटायला लागली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या घेऊ नका.

शिवणकामवाली, कराड
लघवीचं, बधिरपणाचं काही नाही. खुर्चीवर पाय ठेवून आत्ता बघितलं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. पण काका, मशीनचं काय?

निवृत्त एसटी ड्रायव्हर
वीस मिनिटं शिवा, उठा, अंगणात फेरी मारा, पुन्हा बसा. घड्याळ समोर ठेवा. स्टूल सोडून पाठ टेकणारी खुर्ची घ्या, कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी. कापड बेतायचं काम जमिनीवर करत असाल तर ओट्यावर उभ्याने करा. आणि निम्मी कामं दुसऱ्या कुणाला तरी द्या, ताई. गिऱ्हाईक परत येतं.