३० वर्षं जुना फ्लॅट, दिवाळीनंतर काम काढायचंय. आधी काय काय ठरवून ठेवू?

रानजाई:
नमस्कार मंडळी. डोंबिवलीला आमचा टू बीएचके आहे, तिसरा मजला, बिल्डिंग १९९३ची. पाइप सगळे जुने जीआयचे (जस्ताचा थर दिलेले लोखंडी), सकाळी पहिलं पाणी लालसर येतं, खालच्यांच्या सिलिंगला आमच्या बाथरूमची ओल, आणि वायरिंग असं की एसी चालू असला की गिझर लावायचा नाही. दिवाळीनंतर पूर्ण घराचं काम काढायचं ठरलंय. सासूबाई आमच्याकडेच असतात, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं. नवऱ्याला किचन आणि हॉलमधली भिंत पाडून ओपन किचन हवंय. दोन कॉन्ट्रॅक्टर बघून गेले, एकाचं कोटेशन दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट, आणि फरक कशाचा तेच कळत नाहीये. सुरुवात कुठून करू?

ओळंबा:
ताई, मी साइटवरच असतो (सिव्हिल), म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं ती भिंत. बिल्डिंग आरसीसी फ्रेमची (काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभी) असेल आणि भिंत चार इंची असेल तर बहुतेक वेळा ती नुसती आडोशाची असते, पण बिल्डिंग लोडबेअरिंग असेल तर स्लॅब भिंतींवरच बसलेला असतो, तिथे हात लावायचाच नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी होकारावर पाडू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला घरी बोलवा आणि लेखी घ्या. कॉलम-बीमला तर अजिबात नाही, पाइप न्यायला बीममध्ये भोक पाडणारे महाभाग पाहिलेत मी.
दुसरं, पैसे आधी न दिसणाऱ्या गोष्टींना लावा. बाथरूम पूर्ण उकरून नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचा पाणी जायचा भाग) बदला, वॉटरप्रूफिंग करा, मग पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालच्यांच्या घरी जाऊन सिलिंग बघा. टाइल्स त्यानंतरच. गवंडी घाई करेल, करू द्या, तुम्ही हलू नका. जीआय काढून सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारे प्लास्टिकचे पाइप) टाका. वायर लाइटला १.५, साध्या पॉवर पॉइंटला २.५ आणि एसी-गिझरला ४ स्क्वेअर एमएम, दोघांची लाइन आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वेगवेगळे, शिवाय ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडते). मीटरचा मंजूर लोड पुरतो का ते इलेक्ट्रिशियनकडून आत्ताच तपासून घ्या, वाढवायचा असेल तर अर्ज करायला वेळ आहे.
कोटेशनचा फरक बहुतेक यातच असणार. एकाने विथ मटेरियल दिलं असेल, दुसऱ्याने लेबर रेट, म्हणजे नुसती मजुरी. दोघांना एकच यादी द्या: कुठला पाइप, कुठल्या ग्रेडचं प्लाय, किती पॉइंट, राडारोडा कोण उचलणार. मग तुलना करा.

गवतीचहा:
ओळंबा यांनी छान लिहिलंय. मी सोसायटीच्या कमिटीत आहे म्हणून त्या बाजूने सांगते. अर्ज आत्ताच द्या, सोबत काय तोडणार त्याचा नकाशा जोडा. डिपॉझिट, कामाच्या वेळा, दुपारची शांतता, लिफ्टमधून टाइल्स न्यायच्या की नाही हे सगळं लेखी मागा. आणि विचारा की स्ट्रक्चरल ऑडिट (बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी) झालंय का. मॉडेल बायलॉजप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे ३ वर्षांतून एकदा करायचं असतं, तुमची तर तिशी ओलांडलेली आहे. झालं असेल तर तो रिपोर्ट इंजिनियरला दाखवा. आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर प्लीज लाखो रुपये फर्निचरमध्ये घालू नका, पाणी-वायरिंगपुरतं करून घ्या.

नर्मदा_काकू:
रानजाई, सासूबाईंसाठी बाथरूमचा उंबरठा काढता आला तर काढ गं, पाणी बाहेर येऊ नये म्हणून उतार नीट द्यायला सांग. फरशी मॅट फिनिशची, अँटीस्किड. कमोडशेजारी आणि शॉवरपाशी धरायला दांडे लागतील ते टाइल्स लावायच्या आधी भिंतीवर खुणा करून ठेव, चार इंची भिंतीत नंतर भोकं पाडली की दांडा हलतो. कमोड आणि नळ आधी विकत घेऊन ठेव, प्लंबर त्याच मापाने आउटलेट काढतो. दरवाजा आताचा अडीच फुटी असेल तर पाडापाडीतच रुंद करून घे, उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर लागली तर कामी येईल. बटणं त्यांच्या हाताला येतील अशी, आणि पलंग ते बाथरूम रात्रीचा छोटा दिवा. ओट्याची उंची पण ठरवताना स्वतः उभी राहून बघ, पुस्तकातली नको.

रानजाई:
खूप खूप आभार सगळ्यांचे! इंजिनियर शोधायला आजच लागते. एकच विचारते, एक खोली ठेवून आम्ही घरातच राहिलो तर चालेल का? भाडं वाचेल.

ओळंबा:
तुम्ही दोघं कदाचित काढाल, सासूबाईंना ठेवू नका. टाइल कटरची आणि झिऱ्या (पाइप-वायरींसाठी भिंतीतल्या खाचा) मारतानाची धूळ बंद दाराखालून येते, पाणी-संडास मधेच बंद पडतं, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाने पाइप-वायरींमधून चालायचं म्हणजे पडायची भीती. निदान तोडफोड, प्लंबिंग, टाइल्स होईपर्यंत जवळच कुठे तरी सोय बघा आणि ते भाडं बजेटमध्येच धरा. वर १०-१५ टक्के शिल्लक ठेवा, एवढ्या जुन्या घरात लादी उचलल्यावर काहीतरी निघतंच. आणि हो, टाइल्सचा एकेक बॉक्स जास्त घ्या, नंतर तीच शेड मिळत नाही. दिवाळीला कारागीर गावी जातात, ते परत कधी येणार ती तारीख विचारूनच सुरुवातीचा दिवस धरा.