ऊस ट्रॉलीचा झिजलेला ॲक्सल भरून घ्यावा की बदलावा?

खानापूर भागात ऊसवाहतुकीला लावलेल्या ट्रॉलीच्या मागील ॲक्सलबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. डाव्या चाकात प्ले (ढिलेपणा) आल्याने हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) उघडला असता, टेपर रोलर बेअरिंगची आतली रिंग ॲक्सलवर फिरून तिची बैठक, म्हणजे ॲक्सलवर ती घट्ट बसते तो भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर झिजल्याचे आढळले. नवे बेअरिंग व सील बसवून पाहिले, तरी भरल्या ट्रॉलीत हब पुन्हा तापतो. बैठकीवर पंचाने खुणा ठोकून रिंग घट्ट करण्याचा उपाय मला तात्पुरताच वाटतो. ॲक्सल वाकलेला नाही, उजवी बाजू ठीक आहे आणि वरवर तरी तडा दिसत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एक लेथवाले वेल्डिंगने भराव देऊन बैठक मापात आणून देण्यास तयार आहेत. परंतु सर्वाधिक ताण बैठकीच्या खांद्यापाशीच (ॲक्सलची जाडी बदलते तिथे) येतो आणि पोलाद आधी नीट न तापवता वेल्डिंग केल्यास तो भाग ठिसूळ होऊन तडकू शकतो, म्हणून मन धजत नाही. या मापाचा तयार ॲक्सल मिळत नाही. नवा बनवून घ्यावा लागेल आणि गाळप तर तोंडावर आले आहे.

भराव दिलेला ॲक्सल पूर्ण भाराखाली संपूर्ण हंगाम टिकल्याचा कोणाचा अनुभव आहे का, आणि असल्यास कोणता वेल्डिंग रॉड वापरला होता व नंतर तड्यांची तपासणी कशी केली होती?